दारातला मोठा आकाशकंदील: कोरोप्लास्ट, पिक्सेल आणि पाऊस

प्रेषक: सजावट समिती
विषय: कंदिलाची मापं आणि कापणी

नमस्कार मंडळी,

२०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. १ तारखेला घड्याळं तासभर मागे गेलेली असतील, म्हणजे न्यू जर्सीत पावणेपाचच्या सुमारास सूर्यास्त. लोक येतील तेव्हा अंधार असेल आणि सगळ्यात आधी दिसेल तो दारातला कंदील. म्हणून त्याची मापं आताच कळवतो आहोत. चूक दिसली तर कापणीआधी सांगा.

कंदील १८ चौकोन आणि ८ त्रिकोणांचा, सगळ्या बाजू ३० सेंमी. मधे ८ चौकोनांचा उभा पट्टा, त्याच्या वर आणि खाली ४-४ तिरके चौकोन व ४-४ त्रिकोण, शिवाय माथ्याला एक आणि तळाला एक चौकोन. तयार झाल्यावर समोरासमोरच्या चौकोनांमधलं अंतर ७२ सेंमी भरतं. सांगाडा वेगळा करायचा नाही. पांढऱ्या ४ मिमी कोरोप्लास्टचे (आत पोकळ नळ्या असलेल्या, पुठ्ठ्यासारख्या प्लॅस्टिकचे) तुकडे कडेला केबल टायने बांधले की कोन आपोआप बसतात, कारण सगळ्या बाजू सारख्या असल्या की तुकड्यांना दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. फक्त बाजू खरोखर सारख्या हव्यात. दोन-तीन मिमीची चूक शेवटच्या चौकोनापर्यंत साठत जाते आणि तो बसत नाही. म्हणून एकच प्लायवूडचा साचा करून त्यावरूनच सगळं कापायचं.

१२२ × २४४ सेंमीच्या एकाच शीटमध्ये सगळं बसतं. आडवे ४ चौकोन, अशा पाच ओळी. त्याखाली २६ सेंमीच्या पट्टीत उलटसुलट ठेवून ७ त्रिकोण निघतात आणि आठवा पाचव्या ओळीत उरलेल्या जागेतून. खाली ६८ सेंमीची पट्टी शिल्लक राहते, ती आतल्या, दिवे बसवायच्या खांबासाठी. निवडणुकीनंतर फुकट मिळणाऱ्या पाट्या या कामाला घेऊ नका, त्यांवरची छपाई उजेड अडवते.

प्रत्येक कडेला टोकापासून ५, १५ आणि २५ सेंमीवर, काठापासून १२ मिमी आत भोक. ४८ कडा, प्रत्येकी तीन टाय, म्हणजे १४४. दोनशेचं पाकीट घ्या आणि काळे, उन्हात टिकणारेच घ्या. साधे पांढरे टाय थंडीत कडक होऊन तुटतात. गोंदाच्या भानगडीत पडू नका: कोरोप्लास्ट म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला इपॉक्सी धरत नाही आणि हॉट ग्लू गोठणाऱ्या थंडीत सुटतो. पट्ट्यातल्या चौकोनांमधल्या नळ्या उभ्या ठेवा, नाहीतर आत शिरलेलं पाणी तिथेच गोठतं.

– सजावट समिती

उत्तर: कंदिलाची मापं आणि कापणी

सगळं छान आहे, पण पांढराच का? चौकोनांना खिडक्या कापून आतून लाल, पिवळा, हिरवा जिलेटीन कागद लावला तर लहानपणीच्या कंदिलाचा रंग येईल. आणि करंज्या, झिरमिळ्या यांचं काय? त्यांच्याशिवाय तो नुसता मोठा दिवा दिसेल.

– रांगोळी व सजावट गट

उत्तर: उत्तर: कंदिलाची मापं आणि कापणी

ताई, करंज्या-झिरमिळ्या हव्यातच, त्यांचं खाली लिहिलंय. जिलेटीनला मात्र माझा ठाम विरोध आहे. साध्या पांढऱ्या बल्बमध्ये सगळे रंग असतात, म्हणून लाल कागदातून लाल रंग छान येतो. पिक्सेलने (म्हणजे हवा तो रंग लावता येणाऱ्या छोट्या एलईडी दिव्याने) हिरवा लावला की तोच लाल कागद जवळजवळ सगळा उजेड गिळतो आणि तो चौकोन काळा पडतो. आवरण पांढरं ठेवलं तर दिवाळीत केशरी, कोजागरीला चंद्राचा पांढरा आणि शेजाऱ्यांचे नाताळचे दिवे लागतील तेव्हा लाल-हिरवा, हे सगळं एकाच कंदिलात होतं.

आता वायरिंग. १२ व्होल्टचे डब्ल्यूएस२८११ बुलेट पिक्सेल, ५० च्या दोन माळा. उरलेल्या पट्टीतून ४० सेंमी रुंद, ६० सेंमी उंच तुकडा घ्या, दर १० सेंमीवर घडीसाठी अर्धवट कापा. प्रत्येक भागावर १२ मिमीची २५ भोकं पाडा, शेजारच्या दोन रांगांत १३ आणि १२, एकाआड एक सरकवून. तुकडा सपाट असतानाच मागून सगळे पिक्सेल दाबून बसवा, मग घडी घालून चौकोनी खांब बांधा. आधी खांब केला तर आत हात जात नाही. पिक्सेलपासून आवरण तीसेक सेंमी लांब राहतं, तेवढ्यात ठिपके विरघळून एकसारखा उजेड पडतो. खांबाच्या वर-खाली सहा-सहा सेंमी जागा सुटते, ती भरू नका, तिथूनच माथ्याकडच्या आणि तळाकडच्या तिरक्या चौकोनांना उजेड मिळतो.

एक पिक्सेल पूर्ण पांढऱ्यात सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. शंभरचे ६ अँपिअर, म्हणजे ७२ वॅट. सप्लाय १२ व्होल्ट, १० अँपिअरचा, आयपी६७ चा (धूळ-पाणी आत न जाणारा) घ्या, म्हणजे तो कधीच ८० टक्क्यांच्या वर चालणार नाही. दोन्ही माळांना सप्लायमधून वेगवेगळी वायर न्या, प्रत्येकीला ५ अँपिअरचा फ्यूज. शंभर पिक्सेल एकाच टोकाने चालवले की शेवटी पांढरा लालसर होतो: वाटेत व्होल्टेज पडतं, आणि निळ्या-हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून त्या आधी मंदावतात.

पिक्सेलना हुकूम देणारा कंट्रोलर ईएसपी३२ (छोटा संगणक-बोर्ड), त्यावर डब्ल्यूएलईडी हा दिवे चालवायचा प्रोग्रॅम. प्रवाहाची मर्यादा ५००० मिलिअँपिअर टाका आणि एका पिक्सेलचा आकडा ६० हाताने भरा. लाल मागितला आणि हिरवा आला तर वायर उपटू नका, रंगक्रम बदला. बुलेट पिक्सेल बहुधा आरजीबी (लाल-हिरवा-निळा) असतात, एलईडी पट्ट्या जीआरबी (हिरवा-लाल-निळा). कॅंडल हा इफेक्ट केशरी रंगात, वेग कमी ठेवून लावला की पणतीसारखा थरथरतो. ब्राइटनेस ४० टक्क्यांच्या वर नेऊ नका. त्याच्यावर रंग फिका वाटतो.

– विद्युत गट

उत्तर: उत्तर: कंदिलाची मापं आणि कापणी

काका, कंट्रोलरची पेटी भिंतीवर खाली राहणार आहे आणि कंदील पाच-सहा मीटर वर. चालेल का?

– सजावट समिती

उत्तर: उत्तर: कंदिलाची मापं आणि कापणी

वीज नीट पोचेल, पण डेटा (पिक्सेलना रंग सांगणारा सिग्नल) लटपटेल. ईएसपी३२ चा डेटा ३.३ व्होल्टचा, पिक्सेलच्या चिपला तो ५ चा हवा. मधे सिग्नल ५ व्होल्टचा करणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप घाला, सिग्नल तिच्यातून बाहेर पडतो तिथे ३३ ते १०० ओहमचा रेझिस्टर. तरी तीन मीटरपुढे भरवसा नाही, सगळा कंदील उगीच लुकलुकू लागतो. वाटेत मध्यावर एक सुटा पिक्सेल जोडा. तो सिग्नल ताजा करून पुढे पाठवतो. डब्ल्यूएलईडीत पहिला एलईडी वगळायची सोय आहे, ती लावली की तो अंधारात राहतो.

माळ मधूनच विझली तर दोनच संशयित: शेवटचा पेटलेला आणि पहिला विझलेला. त्यांच्यामधला जोड आधी बघा. नवा पिक्सेल जोडताना बाणाची दिशा पाहा, उलटा लावला तर पुढचं काहीच पेटत नाही.

जोडावर आत गोंद असलेली श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आकसणारी नळी) लावा. सिलिकॉन भरायचं तर न्यूट्रल क्युअरचंच. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ते सिलिकॉन तांब्याला खातं, आणि महिन्याभरात वायर हिरवी होते. काळी टेप पाण्याला आत कोंडते, तिच्यावर विसंबू नका.

– विद्युत गट

उत्तर: टांगणी आणि झिरमिळ्या

मंडळी,

कंदिलाचं वजन आवरणावर येऊ देऊ नका. पाऊण इंची पीव्हीसी पाइप माथ्यातून तळापर्यंत, त्यासाठी माथ्याच्या आणि तळाच्या चौकोनात २७ मिमीचं भोक. पिक्सेलचा खांब या पाइपला बांधायचा. तळाच्या चौकोनाखाली प्लायवूडची चकती आणि आरपार बोल्ट, वर आणि तळाला आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट). तळाच्या चौकोनाला चारही कोपऱ्यांत ६ मिमीची भोकं पाडा, आत साचलेलं दव तिथून निघून जाईल.

समोरून वाऱ्याला सुमारे ०.४३ चौ. मी. पृष्ठभाग मिळतो. ताशी ६० किमीच्या झोतात सहा ते आठ किलोचा जोर पडेल, आणि कंदील स्वतः पाइप-पिक्सेल धरून त्याहून बराच हलका. नुसता टांगला तर भिंतीवर आपटेल. तळाच्या आय-बोल्टपासून तीन दिशांना दोर ताणा. हिरवळीवर गज ठोकायचा तर काही दिवस आधी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी आखून घ्या. ही सेवा फुकट आहे.

झिरमिळ्यांना कागद नको, रिपस्टॉप (सहज न फाटणारं) नायलॉन. ४ सेंमी रुंद, ९० सेंमी लांब १२ पट्ट्या, कडा सोल्डरिंग आयर्नने कापल्या की दोरे सुटत नाहीत. टोकाला वॉशर शिवू नका, वाऱ्यात ते कोरोप्लास्टवर आपटून भोकं पाडतात. टोक तीनदा दुमडून शिवलं तरी वजन पुरतं. करंज्या त्याच नायलॉनच्या, पट्ट्यातल्या उभ्या कडांवर, आधीच्याच टायमध्ये अडकवून.

प्लग जीएफसीआय सॉकेटमध्येच (विजेची गळती झाली की ते आपोआप बंद पडतं). पावसात तो ट्रिप झाला तर दोष बहुधा गवतात पडलेल्या एक्स्टेन्शनच्या जोडात असतो, कंदिलात नाही. जोड जमिनीपासून फूटभर वर टांगा आणि दोन्ही वायरींना खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरूनच गळेल. दुरुस्तीला पट्ट्यातल्या एका चौकोनाचे तीन बाजूंचे नऊ टाय कापले की दार उघडतं. पेटीत पंधरा-वीस जादा टाय, दोन पिक्सेल आणि फ्यूज ठेवून द्या.

– उभारणी गट