मदत हवी आहे: व्हाइस लावलेलं टेबल डुलतंय (एअर रायफलचं काम)

दहा_मीटर:
घरी वर्कबेंच करून घेतलं, ४ बाय २ फूट. व्हाइसमध्ये (वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा) काहीही धरून कानस मारली की अख्खं टेबल डुलतं. त्याच टेबलावर मिलिग्रॅमचा काटा आहे, त्याचा तिसरा आकडा स्थिर होतच नाही. फॅब्रिकेटर रविवारी येतोय. त्याला काय करायला सांगू, ते आजच सांगा.

रंधा_करवत:
डुलतं म्हणजे पुढे-मागे की डावी-उजवीकडे? पाय कुठल्या सेक्शनचे? प्लाय किती एमएम? व्हाइस पायावर बसवलाय की मधोमध? एवढं कळल्याशिवाय बोलणं म्हणजे अंदाज.

कायदा_आधी:
काडतुसं भरायचं प्रेस बसवणार असाल तर आधी थांबा. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. काडतूस घरी पुन्हा भरणं हे दारूगोळा बनवण्यातच येतं, त्याला परवाना लागतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून हेही चालतं असं नाही.

दहा_मीटर:
काडतुसं नाहीत हो. मुलीची १० मीटर एअर रायफल आहे, ती बालेवाडीला सराव करते. घरी रायफलची सफाई, पेलेटचं (छर्‍यांचं) वजन, चीकपीस (गाल टेकायचा भाग) आणि बटप्लेट (खांद्याला लागणारा भाग) घासून बेतणं एवढंच काम. पाय १ इंची चौकोनी ट्यूबचे, वर १८ एमएम प्लाय एकच, व्हाइस ४ इंची, समोर मधोमध. डुलतं पुढे-मागे.

रंधा_करवत:
मग कारण समोरच आहे. कानस पुढे-मागे चालते, म्हणजे जोर सगळा २ फुटांच्या अरुंद बाजूवर. १ इंची ट्यूब तिथे धनुष्यासारखी वाकते. त्यात व्हाइस मधोमध, म्हणून प्लायही लवते. पाय आणि चौकट ५० बाय ५० बाय २ एमएमची करा. ट्यूब मीटरला साधारण ३ किलो भरते, चौकटीला ९.६ मीटर लागेल. ६ मीटरच्या दोन लांब्या घ्या, उरलेल्यात दोन्ही बाजूंना तिरपे सपोर्ट निघतील. व्हाइस सरळ पुढच्या पायाच्या डोक्यावर घ्या. मागचा जबडा, म्हणजे न हलणारा, टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर हवा, तरच लांब वस्तू उभी धरता येते. लाकडी स्क्रू नकोत. एम १० चे आरपार बोल्ट, खाली ५ एमएमची पट्टी, नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे) नट.

कडप्पा_प्रेमी:
एवढा खटाटोप कशाला? विटांचे दोन कट्टे बांधा आणि वर कडप्पा टाका, स्वयंपाकाच्या ओट्यासारखा. पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही.

रंधा_करवत:
कडप्प्याला व्हाइसची भोकं पाडलीत की भोकाच्या कडेपासून तडा जातो. हातोडीचा एक घाव बसला की काम संपलं. वजन म्हणून कडप्पा उत्तम, पण खाली ठेवायला. व्हाइस प्लायवरच.

अँकर_फास्टनर:
टेबल भिंतीला बांधा, प्रश्न मिटेल. मागच्या चौकटीतून चार १० एमएमचे अँकर. लाल विटेची भिंत असेल तर भोक विटेत घ्या, सांध्यात नको.

मिलिमीटर:
नव्या इमारतीत लाल वीट कुठे शोधणार? एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा) असेल तर साधा प्लग भुसभुशीत होऊन बाहेर येतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट), नाहीतर लांब फ्रेम फिक्सिंग. काँक्रीटची भिंत असेल तर रोटरी हॅमर हवा. साध्या ड्रिलने बिट जळेल, भिंतीला काही होणार नाही.

दहा_मीटर:
भाड्याचा फ्लॅट आहे, ११ वा मजला. भिंतीला भोक पाडायचं नाही.

अँकर_फास्टनर:
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

मिलिमीटर:
मग वजनाचा हिशेब करू. टेबल ८५ सेंमी, वर व्हाइस, म्हणजे जबडा साधारण १ मीटरवर. कानस मारताना २० किलोचा जोर पुढे लागला तर उलटवणारा जोर २० गुणिले १. टेबल मागच्या पायांवर उलटायला बघतं आणि त्याला अडवतं त्याचं वजन, अर्ध्या खोलीच्या, म्हणजे ३० सेंमीच्या तरफेने. म्हणजे पुढचे पाय उचलले जाऊ नयेत म्हणून निदान ६७ किलो हवेत. दुहेरी प्लाय, वर सांगितलेली ट्यूब, कप्पा आणि व्हाइस मिळून जेमतेम ६५ होतात. २० एमएमचा ४ बाय २ चा कडप्पा साधारण ३९ किलोचा. तो खाली आला की शंभराच्या वर जाता.

टाइलवर टेबल सरकेल ते वेगळंच. पायाला एम १२ चे लेव्हलिंग बोल्ट आणि खाली पातळ, कडक रबर लावा. जाड, मऊ रबर लावलंत तर टेबल पुन्हा डुलेल.

रंधा_करवत:
प्लायचा हिशेब मीही देतो. ८ बाय ४ चा एकच १८ एमएम शीट घ्या, बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा), आयएस ७१० चा शिक्का पाहून. दुकानातच ४ बाय २ चे चार तुकडे करून घ्या, लिफ्टमध्ये अख्खा शीट मावणार नाही. दोन तुकडे एकमेकांवर फेविकॉलने, खालून दर ६ इंचांवर स्क्रू, रात्रभर दाबून. तिसरा खालचा कप्पा, चौथा मागचं पॅनेल. हे पॅनेल डावी-उजवीकडची हालचाल पूर्ण थांबवतं. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पुण्याच्या पावसाळ्यात तिथूनच फुगतात.

बोहरी_आळी:
व्हाइस आणि बोल्ट बोहरी आळीत घ्या, प्लाय भवानी पेठेत टिंबर मार्केटला.

पहिली_रायफल:
सुरुवातीला स्प्रिंगची घ्यावी की पीसीपी (दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची)? बजेट ४० हजार.

मिलिमीटर:
वेगळा धागा काढा, इथे टेबल चाललंय.

नऊ_पॉइंट_नऊ:
काट्याबद्दल कोणीच बोललं नाही. मिलिग्रॅमचा काटा व्हाइसच्या टेबलावर कधीच ठेवायचा नाही, टेबल कितीही जड असो. खोलीच्या मधोमधही नको, वरच्या मजल्यावर स्लॅब चालण्याने हलतो. खोलीच्या कोपऱ्यात, खांबाजवळ वेगळं जड स्टूल, त्यावर ग्रॅनाइटचा फूटभर तुकडा, त्यावर काटा. पंखा बंद, वर ॲक्रिलिकचं झाकण. चालू करून १५-२० मिनिटं थांबा, मग वजन ठेवून कॅलिब्रेट करा.

टिनमधून_थेट:
मुळात पेलेट तोलायचे कशाला? ०.५३ ग्रॅमच्या मॅच पेलेटमध्ये १० मीटरवर दोन-चार मिलिग्रॅमने काय होतं? एकेका पेलेटला १० सेकंद धरले तरी ५०० च्या डबीला जवळपास दीड तास जातो. त्यापेक्षा हेड साइझ (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये) बघा. ४.४९, ४.५०, ४.५१ पैकी आपल्या नळीला कुठला लागतो, ते रायफल घट्ट बांधून, रेंजवर गट पाडून (सलग गोळ्या मारून त्या किती जवळ बसतात ते पाहून) ठरवा.

नऊ_पॉइंट_नऊ:
दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं आहे, तिथे छोटा फरकही मोजावा लागतो.

टिनमधून_थेट:
छोटा फरक स्कर्ट (पेलेटची मागची पातळ कड) चेपल्याने पडतो, वजनाने नाही. पेलेट काचेवर घरंगळवून पाहा. वाकड्या कडेचा लगेच तिरका जातो. हे ५०० ला अर्ध्या तासात होतं.

आई_आणि_नेमबाज:
पेलेट शिशाचे असतात, हे लक्षात असू द्या. या टेबलावर खाणं-पिणं नको. वर सनमायका लावा, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येईल. कोरड्या झाडूने धूळ उडते. काम झालं की मुलीने साबणाने हात धुवायचे, मगच फोनला हात.

सफाईवाला:
व्हाइसमध्ये नळी थेट धरू नका. जबड्यांना नायलॉन किंवा चामड्याचे अस्तर हवे. हवेचा सिलिंडर तर कधीच पकडायचा नाही, अस्तर असलं तरी. २०० बारचा दाब असतो, ओरखडासुद्धा नको. नुसत्या सफाईला व्हाइस लागत नाही, फेल्ट लावलेला व्ही आकाराचा लाकडी स्टँड पुरतो.

दहा_मीटर:
सगळ्यांचे आभार. फॅब्रिकेटरला असं सांगतो: ५० ची ट्यूब, दोन्ही बाजूंना तिरपे सपोर्ट, दुहेरी प्लाय, मागे पॅनेल, व्हाइस डाव्या पुढच्या पायावर. काटा कोपऱ्यात वेगळ्या स्टुलावर. मुलगी बसून सफाई करते, तिचे पाय आत जावेत म्हणून खालचा कप्पा मागच्या एक फुटातच ठेवतो आणि कडप्पा त्यावर.

मिलिमीटर:
कडप्पा मागे नको. कानस पुढे ढकलली की पुढचे पाय उचलले जातात. मागच्या कडेपासून अर्ध्या फुटावरचं वजन ३० ऐवजी १५ सेंमीच्याच तरफेने अडवतं, म्हणजे ३९ किलोंचा उपयोग अर्धा. टेबल मधोमध वाटून घ्या. डाव्या २ फुटांत पूर्ण खोलीचा कप्पा, त्यावर २ बाय २ चे दोन कडप्पे एकावर एक, व्हाइसच्या बरोबर खाली. उजवी बाजू पूर्ण मोकळी, तिथे मुलगी बसेल.

दहा_मीटर:
कडप्प्याखाली कप्प्याला मधली ट्यूब द्यावी लागेल ना?

रंधा_करवत:
हो, एक, पुढून मागे. उरलेल्या लांबीत निघेल.