ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट यांची पत्रं: ‘तुम्ही’चं ‘तू’ कुठल्या पत्रापासून करू?

रेघोटी (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि जरा घाईने हवी आहे.

सात रस्त्याजवळ आमचा एक छोटा वाचक गट आहे. सगळे निवृत्त, मीही. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. येत्या १२ सप्टेंबरला आम्ही रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट या इंग्रज कवींच्या एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचं अभिवाचन करतोय. तारीख मुद्दाम धरली आहे. १२ सप्टेंबर १८४६ ला लंडनच्या सेंट मॅरिलबोन चर्चमध्ये त्यांनी तिच्या वडिलांना न कळवता लग्न केलं. पत्रांचा अनुवाद मीच करते आहे. १८४५ च्या जानेवारीपासून लग्नानंतरच्या आठवड्यापर्यंत, वीस महिन्यांत पावणेसहाशेच्या आसपास पत्रं आहेत. दीड तासात बसतील अशी ३४ निवडली. काम सुरळीत चाललं होतं, पण एका शब्दापाशी दोन आठवडे अडकून पडले आहे.

इंग्रजीत पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत एकच ‘यू’. मराठीत मला ठरवावंच लागतं. ‘तुम्ही’ कुठे संपतं आणि ‘तू’ कुठे सुरू होतं?

पहिलं पत्र १० जानेवारी १८४५ चं. रॉबर्ट तिला कधी भेटलेला नाही. तिच्या १८४४ च्या संग्रहातल्या एका दीर्घ कवितेत त्याच्या ‘बेल्स अँड पोमग्रॅनेट्स’ या पुस्तिकांचा उल्लेख आहे: हे डाळिंब मधोमध खोल कापलं तर आत रक्ताच्या रंगाचं माणसाचं हृदय दिसतं. (लहानपणापासून सांगोल्याची डाळिंबं फोडत आले आहे, तरी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले होते.) त्यावर त्याने लिहिलं की प्रिय मिस बॅरेट, तुमच्या कविता मला मनापासून आवडतात. आणि त्याच पत्रात पुढे सरळ, की या पुस्तकांवर माझं प्रेम आहे आणि तुमच्यावरही. न पाहिलेल्या बाईला, पहिल्याच पत्रात! मी ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ असं लिहिलं आणि मोठ्याने वाचून पाहिलं. नाटकातलं वाक्य झालं. खोडलं.

दुसरी अडचण तिच्या घरगुती नावाची. तिला घरात सगळे ‘बा’ म्हणायचे. पुढे रॉबर्टही तसंच लिहू लागतो, तीही ‘बा’ अशी सही करते. आता सोलापुरात मंचावरून कुणी ‘माझी बा’ म्हटलं की निम्म्या श्रोत्यांना बापच आठवणार.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे मी इतकी अडून बसले आहे. माझे वडील जुन्या गिरणीत हिशेबनीस होते. आई बाळंतपणांना माहेरी, अक्कलकोटला जायची, तेव्हाची दोघांची पत्रं माझ्याकडे आहेत. आईच्या पत्रात वडिलांचं नाव एकदाही नाही, सुरुवातीला नुसतं ‘शि. सा. न. वि. वि.’ घरात बोलताना ती जन्मभर त्यांना ‘अहो’ म्हणाली, ते तिला ‘अगं’. म्हणून ‘तुम्ही’ म्हणजे दुरावा आणि ‘तू’ म्हणजे जवळीक, असं सरळ गणित मला मांडता येत नाही. पण रॉबर्टला ‘तू’ आणि तिला ‘तुम्ही’ दिलं, तर मी त्या दोघांना माझ्या आईवडिलांच्या घरात नेऊन बसवते आहे असंही वाटतं.

तुम्ही काय कराल?

शाईची दौत (पुणे)

ताई, शेवटच्या शंकेपासून सुरू करते, कारण तीच खरी आहे. त्याला ‘तू’ म्हणायचा हक्क आणि तिला नाही, असं अजिबात करू नका. ती १८०६ ची, तो १८१२ चा. ती सहा वर्षांनी मोठी आणि त्या काळात त्याच्यापेक्षा कितीतरी नावाजलेली. पहिल्या पत्रात तो चाहता म्हणून दाराशी आला आहे. पुढे ती त्याच्या कवितांची हस्तलिखितं वाचून सूचना करते आणि तो त्या मनावर घेतो. ही बरोबरी मराठीत मोडली तर पत्रंच मोडतील.

‘प्रेम’ शब्द काढा. मूळ वाक्याची गंमत अशी की पुस्तकांना आणि तिला तो एकच क्रियापद लावतो. आपल्याकडे ‘आवडणे’ दोन्हीला चालतं. ‘तुमची ही पुस्तकं मला मनापासून आवडतात, आणि तुम्हीसुद्धा आवडता.’ वाचून बघा. धाडस तेवढंच राहतं, आव जातो.

बदल करायचाच तर माझ्या मते २० मे १८४५ नंतर. त्या दिवशी तो ५०, विम्पोल स्ट्रीटला तिच्या खोलीत पहिल्यांदा गेला.

नात्याचा शब्द परभाषेतल्या पत्रात शिरल्याचं आपल्याकडचं उदाहरण आनंदीबाई जोशींचं. न्यू जर्सीच्या मिसेस कार्पेंटरना त्या इंग्रजीत लिहायच्या आणि ‘आँट’ म्हणायच्या. मराठीत त्यांना मावशी म्हटलं की सगळं जागेवर बसतं. कधी कधी आपली भाषा त्या पत्रात आधीच असते.

रेघोटी

‘आवडता’ लगेच घेतलं. वाक्य श्वास घेऊ लागलं.

पण २० मे नंतर लगेच ‘तू’ कसं करू? त्या भेटीनंतर दोन-तीन दिवसांतच त्याने एक पत्र लिहिलं आणि ती घाबरली. हा विषय पुन्हा काढू नका, नाहीतर भेटणं बंद होईल, असं तिने कळवलं. त्याने ते पत्र परत मागून घेतलं आणि जाळलं. सगळ्या संचात तेवढं एकच नाही. बाकी प्रत्येक पाकिटावर त्याने स्वतःच्या हाताने क्रमांक घातले होते. तिच्यामागे सगळी पत्रं एका नक्षीकामाच्या पेटीत एकाला एक लावून ठेवलेली असायची, पेटी अगदी बेतशीर भरलेली. मुलाने १८९९ मध्ये ती छापली, नाहीतर आज आपण हे बोलत नसतो.

म्हणजे ज्या पत्रात कदाचित ‘तू’ होतं ते जळलं, आणि नंतर दोघं मुद्दाम सांभाळून ‘तुम्ही’वर आले. अभिवाचनात त्या जागी मी काही न वाचता दहा सेकंद थांबणार आहे.

चंद्रभागेकाठी (पंढरपूर)

माझं उत्तर थोडं वेगळ्या वाटेचं आहे. पत्रांत ‘तू’ कुठेच करू नका. ‘तू’ तिने दुसरीकडे लिहून ठेवलं आहे.

याच महिन्यांत ती गुपचूप सुनीतं लिहीत होती, एकूण ४४. रॉबर्टला त्यांचा पत्ता नव्हता. लग्नानंतर तीन वर्षांनी, १८४९ मध्ये इटलीत तिने त्याला ती दाखवली आणि १८५० मध्ये ती ‘सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज’ म्हणून छापली गेली. त्यांत ती त्याला ‘यू’ म्हणत नाही, ‘दाऊ’ आणि ‘दी’ म्हणते. इंग्रजीचं ते जुनं एकवचन, आपलं ‘तू’. सकाळी पत्रात ‘यू’, रात्री वहीत ‘दाऊ’.

कुणी म्हणेल की तेव्हा ‘दाऊ’ बोलण्यात उरलंच नव्हतं, ते फक्त कवितेत आणि प्रार्थनेत होतं. बरोबर आहे. पण मी पंढरपूरचा. आमच्याकडे सासऱ्याला अहो, मास्तरांना अहो, तलाठ्याला अहो, आणि ज्याच्या पायावर डोकं ठेवायचं त्या विठोबाला मात्र अरे. जनाबाई त्याच्याशी भांडते तेही ‘तू’ म्हणूनच. प्रार्थनेतलं एकवचन आणि जवळच्या माणसाचं एकवचन एकच असणं आम्हाला नवं नाही. तिलाही ते तसंच सापडलं असावं, असं मला वाटतं.

तेव्हा ३४ पत्रांतली चार-पाच कमी करा आणि तिथे सुनीतं घ्या. पत्र ‘तुम्ही’त वाचा, लगेच सुनीत ‘तू’त. रॉबर्टचं वाचन करणाऱ्यांना तेवढा वेळ मंचाच्या कडेला, पाठमोरं बसवा. श्रोत्यांना कळतंय आणि त्याला कळत नाही, हे नुसतं दिसू द्या.

कडकभाकरी (सोलापूर)

सात रस्ता म्हणजे आमच्या शेजारीच की ओ! कार्यक्रमाला येणारच.

इंग्रजी साहित्यातलं मला फार कळत नाही, पण ‘बा’चं सांगते. आमच्या घरी कन्नड बोलतात. ‘बा’ म्हणजे ‘ये’. तेही कुणालाही नाही. पाहुण्यांना, मोठ्यांना ‘बर्री’ म्हणायचं, म्हणजे ‘या’. ‘बा’ फक्त आपल्या माणसाला. माझी आजी संध्याकाळी दारात उभी राहून ‘बा, बा’ म्हणायची आणि आम्ही खेळ टाकून पळत यायचो.

मग हो ताई, तुमचं सगळं ‘तुम्ही’त राहिलं तरी त्याने तिला नावाने हाक मारली की आमच्यासारख्यांना ‘तू’ ऐकू येणारच. ते नाव बदलू नका. बापाचं कुणाला आठवलं तर आठवू दे, तिच्या कहाणीत बाप आहेच की मोठा.

रेघोटी

कडकभाकरी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. इतकी वर्षं या गावात राहून, वर्गात निम्मी मुलं कन्नड-तेलुगू घरांतली असून मला हे सुचलं नव्हतं. ‘बा’ राहणार.

आणि बापाचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. एडवर्ड बॅरेट यांना आपल्या कुठल्याच मुलाचं लग्न झालेलं नको होतं. लग्नानंतर ती त्यांना लिहीत राहिली. १८५१ मध्ये ती लंडनला आली तेव्हा तिची सगळी पत्रं त्यांनी परत पाठवली, एकही न फोडता. हे मी निवेदनात घेतलं नव्हतं. आता घेते.

चंद्रभागेकाठी, पाच पत्रं काढली, चार सुनीतं घेतली. काल पहिली तालीम झाली. आमचे रॉबर्ट, बँकेतून निवृत्त झालेले, पाठमोरे बसले आणि मी पहिलं सुनीत ‘तू’त वाचलं. आवाज जरा हलला, पण वाचलं.

मग एक गोष्ट झाली ती इथे लिहायलाच हवी, कारण प्रश्न इथेच विचारला होता.

शेवटून दुसऱ्या भागात एका पाकिटावरची नोंद आहे. दोघांची प्रत्येक भेट रॉबर्ट पाकिटावर टिपून ठेवायचा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि कितवी. लग्नाच्या दिवसाचीही तशीच: शनिवार, १२ सप्टेंबर, सव्वाअकराच्या सुमाराची वेळ, आणि कंसात ९१. लग्न म्हणजे त्यांची ९१ वी भेट. त्यानंतर ती आठवडाभर वडिलांच्याच घरी राहिली आणि १९ तारखेला दोघं निघाले. निघण्याआधीच्या पत्रात सामानाची चर्चा आहे. बोजा कमीत कमी हवा. ती लिहिते की तुमची पत्रं मात्र मी बरोबर घेणार, औंसांनी (म्हणजे वजनाने) कितीही आरडाओरडा केला तरी. ठेवून यायचा प्रयत्न केला, पण ती राहायलाच तयार होईनात. आणि मग एक छोटं वाक्य, त्याचा मी अनुवाद केला होता: ‘तुम्ही मला रागावू नका.’

तालमीत ते कोरडं वाटलं. घरी येऊन आईची पत्रं काढली. सूर लागतो का पाहावं, एवढंच मनात होतं. आणि पाहिलं तर पत्रांत ना ‘तुम्ही’, ना ‘तू’. ‘प्रकृतीस जपावे. वेळेवर जेवावे. पत्र लगेच टाकावे.’ मग वडिलांची काढली. तीही तशीच: ‘बाळास जपावे. चिंता करू नये.’ बोलताना अहो आणि अगं करणारी ती दोन माणसं कागदावर एकमेकांना एकाच रूपात लिहीत होती आणि इतकी वर्षं ते मला दिसलं नाही.

एलिझाबेथचं वाक्य आता असं आहे: ‘मला रागवायचं नाही हं.’

१२ तारखेला संध्याकाळी सहाला. कडकभाकरी, तुम्ही जरा आधी या, तालमीत ‘बा’ कसं म्हणायचं ते आमच्या रॉबर्टना तुमच्याकडून ऐकायचं आहे.