मदत हवी आहे: भाऊ गोळी घेत नाही, जेवणातून देता येते का?

बंदरकाठ
लवकर सांगा, घाईत लिहितेय. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळी घेतल्यासारखं करतो, गालात धरतो आणि मागच्या दारी जाऊन थुंकतो. काल अबोलीच्या कुंडीत सापडल्या. आईने रडून घर डोक्यावर घेतलंय. नारळी पौर्णिमा झाली की बोटीवर जाणार म्हणतो. गोळी चुरून आमटीत घातली तर चालेल का? एवढंच सांगा.

आंबोशी
कोणती गोळी? डोस किती? कधीपासून थुंकतोय? डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलंत? काही गोळ्या चुरायच्या नसतात, म्हणून विचारतेय.

रातांबा
ताई, चालतं. आम्ही चुलत्यांना वरणातून देत होतो. आपण आजारी आहोत हेच त्यांना पटत नव्हतं, मग परवानगी कोणाची मागायची? वाट बघत बसलात तर तुमचा भाऊ बोटीवर चढलेला असेल.

देवगडचो
ग्रामदेवतेक गाऱ्हाणा घातलास काय? आमच्याकडे आधी कौल लावतत. डॉक्टर सोडूक सांगत नाय, दोन्ही करा.

खाडीपलीकडे
रातांबा, मी तुमच्या चुलत्यांच्या जागी होतो. गोळ्या आजही घेतो.

आजार वाढला तेव्हा घरचे जेवणात काहीतरी घालतात अशी माझी खात्री झाली होती. आणि एक दिवस आमटीच्या वाटीच्या तळाशी खरंच पांढरा चुरा दिसला. त्यानंतर आईच्या हातचं खाणं सोडलं. नाक्यावर डोळ्यांसमोर तळलेला वडा तेवढा खायचो. आजारात कानात ऐकू येणारे आवाज आधी कमी झाले, आईच्या ताटावरचा विश्वास त्यानंतर कितीतरी उशिरा परत आला.

गोळी घेणाऱ्याला काय होतं तेही सांगतो. ओलान्झापिनवर सकाळी डोळे उघडायचे, पण अंग उठायचं नाही. जेवून हात धुतले की पुन्हा भूक. वजन वाढलं, साखर वाढली. आवाज पूर्ण गेले नाहीत, शेजारच्या घरात कोणी बोलावं तसे लांब गेले. ते लांब गेले म्हणून नोकरी टिकली, म्हणून घेतो. आवडत मात्र नाही. ताई, तो का थुंकतो हे त्याला विचारलंत का?

बंदरकाठ
विचारायचं काय त्यात, आजारच तो. रिस्पेरिडोन, रात्री 4 मिग्रॅ, मे महिन्यात सुरू केली. हात थरथरतात म्हणून जाळी शिवायला बसत नाही, बाकी काही त्रास नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी देईल का?

आंबोशी
अहो, हेच तर उत्तर आहे! जून-जुलै मासेमारी बंद, अख्खं बंदर जाळी शिवायला बसलेलं, आणि त्याला सुई धरवत नाही. ही थरथर औषधाचीही असू शकते आणि तिच्यावर उपाय असतो. डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात किंवा थरथरीवरची ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी जोडून देतात. माझ्या नणंदेला तसंच दिलं. स्वतःहून मेडिकलमधून आणू नका, त्याने तोंड सुकतं, बद्धकोष्ठ होतो. आणि गोळी बंद केल्यावर बऱ्याचदा लगेच काही बिघडत नाही, कधी आठवडे जातात, कधी महिने. तोवर त्याला वाटतं, बंद केली तरी मी ठणठणीत आहे.

रातांबा
मग इंजेक्शन द्या. महिन्यातून एकदा, गालात धरायचा प्रश्नच नाही.

खाडीपलीकडे
इंजेक्शन मीही घेतलंय, रोजची कटकट वाचते. पण त्याने हो म्हटलं तरच. चौघांनी धरून टोचलं तर पुढच्या तारखेला तो घरात सापडणार नाही. थरथर त्यानेही होते, आणि गोळी थांबवता येते तसं टोचलेलं काढून घेता येत नाही.

रातांबा
घरच्यांनी काय सोसलं ते तुम्हाला दिसत नाही. चुलते मध्यरात्री विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचे. तेव्हा संमती विचारत बसू?

खाडीपलीकडे
तेव्हा नाही. तेव्हा सरळ हॉस्पिटल. रोजच्या आमटीचं बोलतोय मी.

फणसाचा गरा
दिव्यांग प्रमाणपत्र काढलंत का? 2016 च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. 40 टक्के किंवा जास्त आलं तर सवलती मिळतात. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी साइटवर.

आंबोशी
ते नंतर बघता येईल हो, आधी गोळीचं बघू. ताई, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयही आहे, तिथे दाखवता येईल.

बंदरकाठ
रात्री बोलले त्याच्याशी. म्हणाला, सुई धरता आली तर घेईन. गोळी दिल्यावर आई त्याला जीभ वर करायला लावते, बोट घालून बघते, ते त्याला सहन होत नाही. हे मला माहीत नव्हतं. आईला बंद करायला सांगितलंय, तिला पटलेलं नाही. आमचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात, म्हणून सोमवारी रत्नागिरीला जातोय. तो येतो म्हणालाय. दापोलीहून सकाळची पहिली एसटी किती वाजता आहे?

रातांबा
डेपोत फोन करून विचारा, पावसात वेळेचा भरवसा नाही. आणि ताई, गोळ्या थुंकल्या हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आम्ही लपवलं होतं. औषध लागू पडत नाही असं समजून त्यांनी चुलत्यांचा डोस वाढवला होता.