'वाजवून राहिले' आणि 'भाता दे' : दोन शंका

महालकर : आमच्या आबाजींचं वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे. घरच्यांपुरती चार पानं छापून राहिलो (पाहा, सुटत नाही). त्यात लिहिलं, 'मी शाळेतून आलो तेव्हा आबाजी ओसरीवर पेटी वाजवून राहिले होते.' पुण्याच्या वहिनीनं खाली रेघ मारली. तिला वाटलं, पेटी वाजवून झाल्यावर आबाजी तिथंच मुक्कामाला राहिले!

दुसरी शंका. आबाजींचा डावा हात लुळा पडल्यावर उजवा हात पट्ट्यांवर त्यांचा आणि भाता माझा, असं सुरू झालं. मी पेटीपलीकडे, त्यांच्याकडे तोंड करून बसायचो. ते म्हणत, 'भाता दे.' मी तालावर भाता हलवू लागलो की सूर हिसके खाई, मग ते भुवई वर करत : 'ताल तबल्याचा. तुझ्याकडे फक्त श्वास.' वहिनी म्हणते, भाता 'मारतात', 'देत' नाहीत. काय छापू?

वर्धेकर : 'वाजवून राहिले' हा आपल्याकडचा चालू काळ, हिंदीतल्या 'बजा रहे थे'च्या वळणाचा. नागपूर १९५६पर्यंत हिंदी मुलखासह एकाच प्रांताची राजधानी होतं, शेजार तर त्याहून जुना. वहिनी सुधारून 'वाजवत राहिले' करत असतील तर मात्र थांबवा. त्याचा अर्थ न थांबता वाजवणं. तुम्हाला म्हणायचंय 'वाजवत होते'. निवेदन हवं तर प्रमाण भाषेत करा, पण आजीआबाजींच्या तोंडची वाक्यं जशीच्या तशी ठेवा.

पेटीवाला : भाता संस्कृत 'भस्त्रा'वरून. प्राणायामातली भस्त्रिका त्याच घरची. लोहाराचा भाता, पेटीचा भाता, आणि बाण ठेवायचा तोही भाताच. रूढ म्हणाल तर 'भाता मारणे'. पण मारणं लोहाराला शोभतं. साथ देतात, झोका देतात, मग भाता का देऊ नये? पायपेटीत हा प्रश्नच नव्हता, दोन्ही हात मोकळे. दुसऱ्याच्या हातानं वाजवायची वेळ आली म्हणून आबाजींना 'दे' म्हणावं लागलं असेल. मी असतो तर 'दे' छापलं असतं.

सीताबर्डीच्या मावशी : आणि वहिनी 'हार्मोनियम' करतील तेही करू देऊ नका. 'संवादिनी' निमंत्रणपत्रिकेवर छान दिसते, घरात पेटीच. आकाशवाणीवर १९४०पासून पेटीला बंदी होती, ती १९७१मध्ये सैल झाली. नागपूर केंद्र १९४८चं, म्हणजे इथल्या पेटीवाल्यांची उमेदीची वर्षं रेडिओबाहेरच गेली. आमचे मामाजी चिडून म्हणत, 'रेडिओही पेटीच की! एका पेटीत दुसरी मावत नाही, एवढंच.'

महालकर : सगळ्यांचे आभार. निवेदनात 'वाजवत होते' केलं. 'भाता दे' तसंच ठेवलं, वहिनीनंही मान हलवली.

काल फोटोसाठी पेटी काढली. उन्हाळाभर ती कुलरसमोर पडून होती, चूक माझीच. दमटपणानं लाकूड फुगलं आणि काळी चार ही पट्टी आत बसली ती वर येईना. भाता दिला तर पट्टीला हात न लावता तोच सूर लागला आणि लागूनच राहिला. (वर्धेकर, हा कोणता काळ?)

आतून आजी ओरडली, "कोण वाजवून राहिलं रे?"

कोणी नाही म्हटलं. मी फक्त भाता दिला होता.