टेक्सासमधल्या लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुख्याध्यापिका: शाळा आणि घर कसं जुळवायचं?

रेघोटी: आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (परिसरातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) नव्याने मुख्याध्यापिका झालेल्या लॅटिना सहकाऱ्यांसाठी टिपण तयार करतेय. दिवसभर शाळा, संध्याकाळी कार्यक्रम, घरी लहान मुलं आणि अनेकींकडे आजारी आई किंवा आजी. ‘वेळेचं नियोजन करा’ याच्या पुढचं काही सांगा. रजेचे नियमही हवेत.

फळा_खडू: आधी वेळ जातो कुठे ते बघा. स्पॅनिश येते म्हणून दुभाष्याचं काम आपसूक तिच्याच गळ्यात पडतं. पंधरा दिवस त्याची वेगळी नोंद ठेवायला सांगा आणि ती वरिष्ठांसमोर मांडा.

एआरडी बैठकीत, म्हणजे विशेष शिक्षण लागणाऱ्या मुलासाठी काय करायचं ते पालकांसोबत ठरवतात तिथे, तर हे मुळीच चालू देऊ नका. इंग्रजी न समजणाऱ्या पालकांसाठी तिथे दुभाष्याची सोय करणं केंद्रीय कायद्यानुसार शाळेचं काम आहे. मुख्याध्यापिका प्रशासनाच्या वतीने बसलेली असते. तीच भाषांतर करू लागली की ती शाळेची बाजू मांडतेय की आपलं म्हणणं पोचवतेय, हे पालकांना कळेनासं होतं. बैठकीची नोटीस निघेल त्याच दिवशी दुभाषा मागवा. अशा पालकांची मातृभाषा स्पॅनिश असेल तर टेक्सासात आयईपीची (त्या मुलासाठी ठरलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याची) स्पॅनिश प्रत लेखी किंवा ध्वनिमुद्रित द्यावी लागते. तेही डिस्ट्रिक्टने करून घ्यायचं, तिने रात्री लॅपटॉप उघडून नव्हे.

हिशोबनीस: रजेचं सांगतो. 1993 च्या एफएमएलए या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या केंद्रीय कायद्याने 12 महिन्यांत 12 आठवडे बिनपगारी रजा मिळते. नोकरी सुरक्षित, आरोग्य विमा चालू. अट: 12 महिन्यांची नोकरी आणि मागच्या वर्षभरात 1,250 तास काम. आजारपणात नवरा, मूल आणि आईवडील यांच्यासाठी मिळते. सासूसासरे आणि आजी त्यात नाहीत. पण लहानपणी आजीनेच सांभाळलं असेल तर ती कायद्याने पालकाच्या जागी धरली जाते, आणि नात्यासाठी साधं लेखी निवेदन पुरतं. आजीचं नाव यादीत नाही म्हणून अर्जच न करणं ही इथली मोठी चूक.

वैद्यकीय गरज असेल तर रजा तुकड्यांनी घेता येते, उदाहरणार्थ दर गुरुवारी दुपारी डायलिसिससाठी. आधी माहीत असेल तर 30 दिवस अगोदर कळवा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितल्यापासून साधारण 15 दिवसांत द्या. गडबड होते ती पुढे: रजा कापली जाते आणि मुख्याध्यापिका दवाखान्यातून ईमेलला उत्तरं देत बसते. काम केलेला वेळ रजेत धरू देऊ नका. त्याहून बरं, त्या दुपारी निर्णय कोण घेणार त्या असिस्टंट प्रिन्सिपलचं नाव लेखी ठरवा. राज्याची वर्षाला किमान 5 दिवसांची वैयक्तिक रजा आहेच. ती पगारी असते.

रेघोटी: आजीचा मुद्दा माहीत नव्हता, टिपणात घालते. आणि संध्याकाळी?

फळा_खडू: शाळा सुरू व्हायच्या आधीच फुटबॉल, बँड, बोर्डाच्या बैठका, ओपन हाऊस (पालकांनी शाळा बघायला यायची संध्याकाळ) सगळं एका कॅलेंडरवर आणा. पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या मुलांच्या शाळेच्या तारखा टाका. दोन्ही शाळांची ओपन हाऊस हमखास एकाच आठवड्यात येतात. मग आठवड्याला दोन संध्याकाळी तिच्या, बाकी असिस्टंट प्रिन्सिपलांत वाटा. तिसरी घ्यावीच लागली तर त्याच आठवड्यातली एक बदलून द्यायची.