‘पहिला भारतीय संत’ आणि वसईचा गोन्सालो गार्सिया

पाचूबंदर: एक पोस्ट फिरते आहे: ‘अल्फोन्सा याच भारताच्या पहिल्या संत. वसईचे फादर गोन्सालो गार्सिया पोर्तुगीज, त्यांना मोजू नये.’ दोन ओळींत तीन चुका. केरळच्या सिस्टर अल्फोन्सांना संतपद मिळालं १२ ऑक्टोबर २००८ रोजी. त्या भारताच्या पहिल्या स्त्री-संत. गोन्सालोंना पोप नववे पायस यांनी संत घोषित केलं ८ जून १८६२ रोजी. धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) तर ते १६२७ मध्येच झाले होते. दुसरं, ते ‘फादर’ कधीच नव्हते. फ्रान्सिस्कन संघातले ब्रदर होते, मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तिसरं, बाप पोर्तुगीज शिपाई असला तरी आई वसईचीच. आईचं रक्त मोजायचं नाही, हा न्याय कुठला?

साष्टी_जुना: ती पोस्ट माझी. ‘फादर’ लिहिलं ही चूक, कबूल. बाकी मुद्दा सोडत नाही. १५३४ पासून वसई पोर्तुगिजांकडे, शाळा येशूसंघाची (जेझुइटांची), आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास मुलगा जपानला गेला. पुढे मकाव, मनिला आणि पुन्हा जपान. आयुष्यभराचं काम वसईबाहेर. कोकणी आईबापांच्या पोटी गोव्यातल्या बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ मला भारतीय संत म्हणून पटतात. त्यांना संतपदासाठी २०१५ पर्यंत थांबावं लागलं, याबद्दल कुणी चिडत नाही.

पाचूबंदर: वाझांनी तरी काम कुठे केलं? श्रीलंकेत! मग तुमचं माप त्यांनाही लावा. गोन्सालोंचं मोल त्यांच्या जपानी भाषेत आहे. आठेक वर्षं येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षण दिलं, पण संघात प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला, त्यानिमित्त मनिलाला गेले आणि तिथे फ्रान्सिस्कन झाले. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्तांचं शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशीपुढे उभं राहिलं तेव्हा दुभाषा हाच वसईकर होता.

नंदाखाल_२६: रक्तावर भांडता आणि चित्रांकडे कुणी बघत नाही. गोन्सालोंच्या मरणाचं कुठलंही चित्र घ्या, तळहातात खिळे. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी गोन्सालोंसह २६ ख्रिस्ती जणांना क्रूसावर मारलं, पण खिळे ठोकलेच नाहीत. जपानी क्रूसाला हातांसाठी वर एक आडवं लाकूड, पायांसाठी खाली दुसरं, आणि मधे बसायला खुंटी. माणसाला जमिनीवरच क्रूसाला जखडायचे: गळा, मनगटं आणि घोटे लोखंडी कड्यांत, वरून दोर. मग क्रूस उचलून खड्ड्यात रोवायचा. नंतर दोन भालेकरी दोन बाजूंनी बरगडीखालून भाला घालून विरुद्ध खांद्याकडे काढत. मरण लवकर येई. बैठकीची खुंटी नीट बसली नाही, तर सारं वजन गळ्यातल्या कड्यावर येऊन माणूस गुदमरतो. त्या २६ जणांतल्या मेक्सिकोच्या फिलिप यांचं तसंच झालं, म्हणून भाले आधी त्यांना मारले अशी परंपरा आहे.

साष्टी_जुना: मराठीत ‘क्रूसावर खिळले’ असंच म्हणतात. तो रूढ शब्दप्रयोग आहे, सुताराचं मोजमाप नव्हे.

नंदाखाल_२६: त्या शब्दप्रयोगानेच घोटाळा केला! ‘खिळले’ लिहिलं की चित्रकार खिळे काढणारच. ‘क्रूसावर चढवले’ लिहा, भागतं. आणि मूर्तीचा डावा कान अखंड कशाला? जानेवारीत क्योटोमध्ये सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला होता. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता; हिदेयोशीचा अधिकारी इशिदा मित्सुनारीने तो इतकाच ठेवला. त्यानंतर महिनाभर थंडीत नागासाकीपर्यंतची वाट. निघाले २४, वाटेत दोघांची भर पडली. मूर्ती घडवणाऱ्याला एवढं तरी सांगा: पाच कडी, बैठकीची खुंटी, छातीवर एकमेकांना छेदणारे दोन भाले, कापलेला कान.

सोपारा_बंदर: सगळे १५९७ वर अडकलेत. ठाण्यात १३२१ च्या एप्रिलमध्ये चौघे फ्रान्सिस्कन मारले गेले: तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, तिफ्लिसचे दिमित्री. पोर्तुगीज येण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी! एका नेस्तोरियन (पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबाकडे ते उतरले होते. नवऱ्याने बायकोला मारलं, तक्रार काझीकडे गेली, साक्षीत या पाहुण्यांची नावं निघाली आणि चौकशी धर्मावर घसरली. जॉर्डन नावाच्या, डोमिनिकन या दुसऱ्या संघातल्या सोबत्याने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. पुढे ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने अस्थी चीनमधल्या झैतूनला नेल्या. आमच्या मातीत सांडलेल्या या रक्ताची दखल कुठे आहे?

पाचूबंदर: त्यासाठी वेगळा धागा काढा. ते चौघे बाहेरून आलेले. इथे प्रश्न इथे जन्मलेल्याचा आहे.

सोपारा_बंदर: म्हणजे जन्म इथे हवा, मरण इथे झालं तर चालत नाही? दर वेळी ठाण्याला असंच दाराबाहेर उभं करतात.

नंदाखाल_२६: त्यांचा राग खरा आहे. ठाण्याची नोंद मीही पुढे नेईन. पण एका धाग्यात दोन्ही नकोत.

साष्टी_जुना: पोस्ट बदलतो. ‘भारतात जन्मलेले पहिले संत, ब्रदर गोन्सालो गार्सिया’ एवढं लिहीन. ‘पहिले भारतीय’ लिहिणार नाही. २६ जणांत २० जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन. उरलेल्या एकाला पोर्तुगीजही आपला म्हणतात. आणि तारीख? चर्चच्या पंचांगात सण ६ फेब्रुवारीला आहे, तुम्ही ५ लिहिता.

पाचूबंदर: मरण ५ तारखेचंच. त्या दिवशी संत अगाथांचा सण येतो, म्हणून पंचांगात एक दिवस पुढे. दोन्ही तारखा लिहा. ‘भारतात जन्मलेले’ सध्या चालवून घेतो, पण पटलेलं नाही.