पुणे-नागपूर : ४४ मिनिटं का होत नाहीत
कुणीतरी पुणे-नागपूर विमानप्रवासाच्या ६०५ किमीला ताशी ८३० किमीने भागून ४४ मिनिटं काढलीत आणि तिकिटावरच्या जवळजवळ दीड तासाला 'फुगवलेली वेळ' म्हटलंय. भागाकार बरोबर आहे, पण ८३० हा वरच्या उंचीवरचा वेग. १०,००० फुटांखाली साधारण २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा असते. ३५,००० फुटांवरून उतरायला दर हजार फुटांना ३ सागरी मैल (एक म्हणजे साधारण १.८५ किमी) धरले तरी १९० किमीच्या वर लागतात, चढायला त्याहून जास्त. म्हणजे सरळ उडायला उरतात जेमतेम दोनशे किमी! शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि नागपूरला पार्किंगमध्ये थांबल्यावर संपते. टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून सरकत जाणं), रांग, सगळं त्यात आलं. पुण्याचा विमानतळ लोहगाव म्हणजे हवाई दलाचा तळ, त्यामुळे लढाऊ विमानं उडत असली की थांबणं आलंच.

आणखी एक, धावपट्टी. लोहगावची १०/२८ (दोन टोकांच्या दिशा, साधारण १०० आणि २८० अंश), म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, आणि विमान वाऱ्याला सामोरं उडतं, म्हणून उड्डाण पश्चिमेकडे तोंड करून, आणि नागपूर तर ईशान्येला. आधी वळसा, मग मार्ग. हिवाळ्यात वरचा पश्चिमी वारा जाताना ढकलतो, येताना अडवतो. त्यामुळे परतीला काही मिनिटं जास्तच धरा. एटीआर (पंख्याचं छोटं विमान) असेल तर हिशोबच वेगळा, तिचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास.